ग्रह असलेल्या ताऱ्याला जोडीदार तारा आहे का, हे कसं तपासायचं?

प्रश्न असा आहे: बाह्यग्रह सापडलेल्या काही ताऱ्यांची यादी हाताशी आहे. त्यांपैकी कुणाला सहचर तारा आहे, हे गाया या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या माहितीतून शोधायचं आहे. शेजारचा एखादा तारा तेवढ्याच अंतरावर निघाला आणि दोघांची निजगती (आकाशात वर्षागणिक सरकण्याची गती) जुळली, की काम झालं का?

नाही. भलताच तारा जोडीदार म्हणून गळाला लागेल ही भीती सगळ्यांना असते, पण जास्त त्रासदायक चूक उलट बाजूची आहे. चाळणी इतकी बारीक लावली जाते की खरा जोडीदारच खाली गळून जातो. खरा जोडीदार मुख्य ताऱ्याभोवती फिरत असतो, म्हणून त्याची निजगती मुख्य ताऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. जितका जवळचा जोडीदार, तितका फरक मोठा.

आधी हा खटाटोप कशासाठी ते पाहू, कारण किती खोल शोधायचं हे त्यावर ठरतं. केपलर या ग्रहशोधक अवकाश दुर्बिणीचा एक पिक्सेल ४ आर्कसेकंदांचा होता (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), तिच्यानंतरच्या टेसचा तर २१ आर्कसेकंदांचा. १०० पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) २१ आर्कसेकंद म्हणजे २,१०० खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर). तेवढ्यात जोडीदार असला तर त्याचा प्रकाश मुख्य ताऱ्यात मिसळतो, अधिक्रमणाचा खळगा (ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाशात होणारी घट) उथळ होतो आणि ग्रह आहे त्यापेक्षा लहान भासतो. दुरुस्ती सोपी आहे: मोजलेल्या त्रिज्येला (एकूण प्रकाश ÷ ग्रह ज्याचा आहे त्या ताऱ्याचा प्रकाश) याच्या वर्गमुळाने गुणायचं. दोन्ही तारे सारख्या तेजाचे असतील तर त्रिज्या १.४१ पट होते आणि ग्रहाची घनता जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. खडकाळ म्हणून मिरवणारा ग्रह वायूचा निघू शकतो. जोडीदार अडीच प्रतींनी (प्रत म्हणजे तेजाचं माप, पाच प्रती म्हणजे शंभरपट फरक) मंद असेल तर त्रिज्येतला फरक ५ टक्के, पाच प्रतींनी मंद असेल तर अर्धा टक्का, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा.

पण हे ग्रह मुख्य ताऱ्याचा आहे असं धरून. तो मंद जोडीदाराचा असेल तर हिशेबच बदलतो. समजा सूर्यासारख्या ताऱ्यावर दहा हजारांत एक भाग इतका उथळ खळगा दिसला. वरवर पाहता ग्रह पृथ्वीपेक्षा किंचित मोठा, १.१ पट. शेजारी पाच प्रतींनी मंद, ०.३ सौर त्रिज्येचा लाल बटू आहे. ग्रह त्याचा असेल तर खळगा त्याच्या स्वतःच्या प्रकाशाच्या एक टक्का ठरतो आणि ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या ३.३ पट येते. म्हणून ‘पाच प्रतींनी मंद आहे, सोडून द्या’ असं म्हणण्याआधी ग्रह कुणाचा हे ठरवावं लागतं. अधिक्रमणाच्या कालावधीवरून आणि आकारावरून ताऱ्याची घनता काढता येते. ती कोणत्या ताऱ्याशी जुळते, हा त्यातला एक चांगला पुरावा.

दुसरं कारण ग्रहांच्या कक्षांचं. एचडी ८०६०६ भोवतीचा ग्रह १११ दिवसांत फेरी मारतो आणि त्याची उत्केंद्रता ०.९३ आहे. इतकी लांबट कक्षा कुठून आली याचं नेहमीचं स्पष्टीकरण सुमारे २० आर्कसेकंदांवरच्या एचडी ८०६०७ या जोडीदाराच्या दीर्घकालीन ओढीकडे बोट दाखवतं. १६ सिग्नी बी या ताऱ्याचा ग्रह (उत्केंद्रता सुमारे ०.६८) त्याच जातीचा. उलट गॅमा सेफेई बघा: जोडीदार जेमतेम २० खगोलीय एककांवर, तरी ग्रह सुमारे २ एककांवर नांदतोय. केपलरच्या ताऱ्यांच्या २०१६ मधल्या एका अभ्यासात ४७ खगोलीय एककांपेक्षा जवळचे जोडीदार ग्रहवाल्या ताऱ्यांपाशी अपेक्षेच्या सुमारे एक-तृतीयांशच सापडले. म्हणजे ज्या पट्ट्यात सगळ्यात महत्त्वाचं घडतं, तो पट्टा १०० पार्सेकवर अर्ध्या आर्कसेकंदाच्या आत येतो. गायाला तिथे दोन तारे वेगळे दिसत नाहीत. हे लक्षात ठेवून पुढे चला.

शोधाची त्रिज्या. १०,००० खगोलीय एकक भागिले पार्सेकमधलं अंतर, उत्तर आर्कसेकंदांत. १०० पार्सेकवर १०० आर्कसेकंद, २० पार्सेकवर ५००. सगळ्या यादीला सरसकट ६० आर्कसेकंद लावले तर जवळच्या ताऱ्यांचे जोडीदार हातचे जातील. याहून दूरचे जोडीदारही असतात, पण एक पार्सेकच्या जवळ जाईपर्यंत योगायोगाने जुळणारे तारे इतके वाढतात की दर ताऱ्याला वेगळा विचार करावा लागतो.

इथली नेहमीची घसरण तारखेची. ग्रहांच्या यादीतले निर्देशांक पुष्कळदा २००० सालचे असतात. गायाच्या तिसऱ्या माहितीसंचातली स्थानं २०१६.० ची आहेत. वर्षाला १ आर्कसेकंद सरकणारा तारा मधल्या काळात १६ आर्कसेकंद पुढे गेलेला असतो. ५ आर्कसेकंदांची जुळणी लावली की मुख्य तारा म्हणून मागचाच कुणीतरी हाती येतो आणि पुढचं सगळं मुसळ केरात. आधी निजगती धरून स्थान २०१६.० ला आणा, मग तेज आणि पराशय (पृथ्वीच्या फेरीमुळे दिसणारं ताऱ्याचं सरकणं, ज्यावरून अंतर निघतं) पडताळून मुख्य ताऱ्याचा गाया क्रमांक पक्का करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या संचातले क्रमांक एकच असतील असं धरू नका.

पराशयाची चाळणी. फरक दोघांच्या एकत्रित त्रुटीच्या तिपटीत असावा. ४ आर्कसेकंदांच्या आतल्या जोड्यांना सहापट सूट द्या, कारण जवळच्या दुसऱ्या ताऱ्यामुळे मोजणी बिघडते आणि छापलेली त्रुटी प्रत्यक्षाहून कमी असते. मंद ताऱ्यांवर ‘पराशय त्रुटीच्या दहापट हवा’ अशी अट घालू नका. १७ व्या प्रतीला पराशयाची त्रुटी सुमारे ०.०७ मिलिआर्कसेकंद असते, २० व्या प्रतीला ०.५, शोधत असलेले लाल बटू नेमके तिकडेच आहेत. अट मुख्य ताऱ्याला लावा. आणि ज्यांना पराशयच दिलेला नाही, फक्त स्थान दिलं आहे, असे तारे ४-५ आर्कसेकंदांच्या आत असतील तर त्यांची वेगळी यादी ठेवा. जवळच्या जोडीत मंद ताऱ्याचा पराशय गायाला बरेचदा काढता येत नाही.

निजगतीची चाळणी. खरी मेख इथे आहे. वर्तुळाकार कक्षेतला सापेक्ष वेग, सेकंदाला किलोमीटरमध्ये, असा: ३० × √(दोघांचं मिळून सौर वस्तुमान ÷ अंतर खगोलीय एककांत). त्याला ४.७४ गुणिले पार्सेक यांनी भागून हजाराने गुणलं की वर्षाला मिलिआर्कसेकंद मिळतात. दीड सौर वस्तुमानाची जोडी, ५० पार्सेकवर, १,००० एकक अंतर: वेग सुमारे १.१५ किलोमीटर, निजगतीतला फरक वर्षाला ४.९ मिलिआर्कसेकंदांपर्यंत. अंतर १०० एकक केलं की १५. बांधलेल्या कक्षेत वेग वर्तुळाकार वेगाच्या १.४१ पटीपर्यंत जाऊ शकतो, तेवढी वरची मर्यादा. आता तेजस्वी ताऱ्यांसाठी गायाची निजगतीतली त्रुटी वर्षाला ०.०३ मिलिआर्कसेकंदांच्या आसपास असते. ‘तीन सिग्मात (त्रुटीच्या तिपटीत) जुळलं पाहिजे’ असा नियम लावला तर या दोन्ही जोड्या शंभराहून अधिक सिग्मांनी बाद होतील. म्हणून फरकाची तुलना त्रुटीशी करायची नाही. (कक्षेला द्यावी लागणारी सूट + त्रुटीच्या दुप्पट) याच्याशी करायची. एक कोटी कारणांनी नव्हे, या एका कारणाने जुन्या याद्यांमध्ये भोकं पडली आहेत.

सूट देऊनही काही खरे जोडीदार बाहेर राहतात. जोडीदार स्वतःच जोडतारा असेल तर त्याच्या आतल्या फिरण्याने निजगती आणखी ढळते. त्यामुळे मर्यादेच्या दुपटी-तिपटीपर्यंतचे उमेदवार फेकून न देता हाताने तपासा.

अतिजवळच्या ताऱ्यांसाठी तर सगळेच नियम कोसळतात आणि उदाहरण घरचंच आहे. प्रॉक्सिमा सेंटॉरीचा ग्रह २०१६ मध्ये जाहीर झाला. प्रॉक्सिमा मित्र या जोडीपासून, म्हणजे अल्फा सेंटॉरी ए आणि बी पासून, आकाशात सुमारे २.२ अंश दूर आहे. १०,००० एककांची त्रिज्याही थोडी अपुरी पडते. प्रॉक्सिमाचा पराशय ७६८ मिलिआर्कसेकंद, जोडीचा ७५० च्या आसपास: त्रुटीच्या हिशेबात हा फरक प्रचंड. जोडीच्या वस्तुमानमध्याची आणि प्रॉक्सिमाची निजगती वजा केली तर वर्षाला सुमारे १६० मिलिआर्कसेकंद उरतात, त्याचा वेग होतो सेकंदाला जवळपास १ किलोमीटर. सुटकेचा वेग मात्र अर्ध्या किलोमीटरच्या जरासा वर. नियमावर बोट ठेवलं तर प्रॉक्सिमा सुटी! चूक अशी की दोन अंशांच्या अंतरावर ‘उत्तर’ आणि ‘पूर्व’ या दिशा आणि दृष्टिरेषा दोघांसाठी एक राहत नाहीत. तिन्ही दिशांचे वेग अवकाशातल्या एकाच चौकटीत मांडून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सापेक्ष वेग सेकंदाला सुमारे २७३ मीटर आला आणि सुटकेचा वेग ५४५ मीटर. प्रॉक्सिमा बांधलेली आहे. जोडीदार अर्ध्या अंशापलीकडे असला की अरीय वेग (आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग) मिळवा आणि त्रिमितीत हिशेब करा. शिवाय अल्फा सेंटॉरी ए आणि बी गायाच्या तिसऱ्या संचात नाहीतच, त्याला ते डोळे दिपवण्याइतके तेजस्वी. म्हणजे साधी शोधविनंती टाकली तर प्रॉक्सिमा एकटीच. साधारण तिसऱ्या प्रतीहून तेजस्वी ताऱ्यांसाठी हिप्पार्कस (गायाच्या आधीचा युरोपीय उपग्रह) आणि वॉशिंग्टनची जोडताऱ्यांची सूची बघायलाच हवी. खरं तर ती सूची प्रत्येकच ताऱ्यासाठी आधी बघावी. एकोणिसाव्या शतकापासूनच्या मोजण्या तिथे आहेत.

योगायोग किती? मुख्य ताऱ्याच्या जागेपासून अर्धा-एक अंश सरकून, सगळ्या दिशांना मिळून वीसेक ठिकाणी, तोच पराशय आणि तीच निजगती धरून त्याच चाळण्या पुन्हा लावा. वीस ठिकाणी मिळून चार तारे पास झाले तर तुमच्या खऱ्या शोधात सरासरी ०.२ योगायोगाचे तारे अपेक्षित आहेत. निजगती वर्षाला शंभराहून अधिक मिलिआर्कसेकंद असेल तर हा आकडा शून्याजवळ येतो. आकाशगंगेच्या पट्ट्यातल्या, वर्षाला ५ मिलिआर्कसेकंद सरकणाऱ्या, ४०० पार्सेकवरच्या ताऱ्याला मात्र तो भीतिदायक वाढतो. तारकागुच्छात ही युक्तीही फसवते. रोहिणीजवळचा हायडीज किंवा कर्केतला प्रीसेपी (आपला पुष्य) यांच्यात ग्रहवाले तारे आहेत. तिथे शेजारच्या प्रत्येकाचा पराशय आणि निजगती जुळणारच, कारण सगळे एकाच कुटुंबातले. गुच्छात काही हजार एककांपलीकडच्या ‘जोडीदारा’वर विश्वास ठेवू नका.

उमेदवार टिकला की रंग-तेज आलेखावर टाका. एकाच पराशयाने दोघांची निरपेक्ष प्रत काढली तर दोघं एकाच वयाच्या वक्रावर बसायला हवेत. मुख्य क्रमाच्या (आलेखावरच्या सामान्य ताऱ्यांच्या पट्ट्याच्या) खाली, निळसर बाजूला पडला तर लगेच काट मारू नका, तो श्वेत बटू (मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) असू शकतो. ग्लीझ ८६ चा सुमारे २ आर्कसेकंदांवरचा जोडीदार २००१ मध्ये तपकिरी बटू समजला गेला होता; २००५ मध्ये वर्णपटावरून तो श्वेत बटू ठरला. अशा जोडीत ग्रहाने ताऱ्याचा मृत्यू शेजारून पाहिलेला असतो, म्हणजे ही भेसळ नव्हे, घबाड आहे. दुसरीकडे, ३ आर्कसेकंदांच्या आत गायाचे निळे आणि लाल मापन दोन्ही ताऱ्यांचा प्रकाश एकत्र गिळतं (त्याची खिडकी सुमारे ३.५ × २.१ आर्कसेकंदांची आहे). तिथला रंग खोटा धरा, फक्त ‘जी’ प्रत (गायाची रुंद पट्ट्यातली प्रत) वापरा.

जर्मनीतल्या येना विद्यापीठाच्या शोधमोहिमेने गायाच्या दुसऱ्या संचातून ५०० पार्सेकच्या आतले १,३०० हून अधिक ग्रहवाले तारे याच पद्धतीने चाळले. २०१९ मध्ये आलेला निकाल: १७६ जोड्या, २७ तिकड्या आणि एक चौकडी, म्हणजे किमान १५ टक्के. सूर्यासारख्या जवळच्या ताऱ्यांत जोडीदार असण्याचं प्रमाण ४४ टक्के मानलं जातं. या दोन आकड्यांची थेट वजाबाकी करून ‘जोडीत ग्रह कमी’ असं लिहिणारे भेटतात. ती वजाबाकी चूक आहे: ४४ टक्क्यांत अगदी जवळचे जोडीदार धरले आहेत, गायाला ते वेगळे दिसत नाहीत, आणि अरीय वेगाच्या ग्रहशोधांत जवळच्या जोड्या सुरुवातीलाच वगळल्या जात.

दीड आर्कसेकंदाच्या आत. सारख्या तेजाची जोडी गाया पाऊण आर्कसेकंदापर्यंत फोडतो. पाच प्रतींचा फरक असेल तर दोन-तीन आर्कसेकंद लागतात. त्याच्या आत अप्रत्यक्ष खुणा बघायच्या.

पहिली खूण रूवे हा आकडा: एकट्या ताऱ्याच्या गणिताशी मोजणी किती जुळते ते तो सांगतो. आदर्श १, आणि १.४ च्या वर गेला की संशय. पण १.४ च्या खाली म्हणजे एकटा, असं नाही. तिसरा संच ३४ महिन्यांच्या निरीक्षणांवर उभा आहे. शंभर वर्षांच्या कक्षेचा तेवढा तुकडा सरळ रेषेसारखा दिसतो आणि निजगतीत मुरून जातो. अगदी सारख्या दोन ताऱ्यांच्या घट्ट जोडीचा प्रकाशमध्य तर हलतच नाही. ती जोडी दुसरीकडे पकडली जाते: मुख्य क्रमाच्या बरोबर ०.७५ प्रत वर.

दुसरी खूण हिप्पार्कस आणि गाया यांच्यातला निजगतीचा फरक. मधल्या सुमारे २५ वर्षांत स्थान किती सरकलं त्यावरून काढलेली सरासरी निजगती आणि गायाने स्वतःच्या काळात मोजलेली निजगती वेगळी निघाली, तर ताऱ्याला कुणीतरी ओढतंय. त्वरणाची तयार सूची उपलब्ध आहे, पण ती हिप्पार्कसच्या तेजस्वी ताऱ्यांपुरतीच.

तिसरी खूण अरीय वेगाचा कल. दृश्य अंतर ५० एकक आणि कल वर्षाला सेकंदाला १० मीटर असेल, तर ओढणाऱ्याचं वस्तुमान किमान ०.३५ सौर हवं. सूत्र: ०.००००१३९ × अंतराचा वर्ग × कल. हे सूत्र उलट बाजूने फार कामाचं आहे. प्रतिमेत सापडलेला जोडीदार ०.१५ सौर वस्तुमानाचा निघाला, तर तो कल त्याचा नाही. आणखी कुणीतरी लपलंय.

मग प्रत्यक्ष प्रतिमा. जेमिनीच्या ८.१ मीटर दुर्बिणींवर आलोपेके (उत्तर) आणि झोरो (दक्षिण) ही स्पेकल उपकरणं (क्षणिक छायाचित्रं जोडून हवेची थरथर काढून टाकणारी) ५६२ आणि ८३२ नॅनोमीटरवर एकाच वेळी ६०-६० मिलिसेकंदांची हजारो छायाचित्रं घेतात, ०.०२ ते १.२ आर्कसेकंदांचा पट्टा त्यांचा. मंद, तांबड्या जोडीदारासाठी अवरक्त किरणांत अॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स (आरसा क्षणोक्षणी वाकवून हवेची थरथर दुरुस्त करणारं तंत्र) बरं, कारण तिथे सूर्यासारखा तारा आणि लाल बटू यांच्यातला तेजाचा फरक दोनेक प्रतींनी कमी होतो. या कामात पुण्याचा वाटा आहे: आयुका आणि कॅलटेक यांनी मिळून उभारलेल्या रोबो-एओने पालोमारच्या १.५ मीटर दुर्बिणीवरून अतिनील लेसरच्या मदतीने केपलरचे ग्रहउमेदवार तारे शेकड्यांनी तपासले. पहिल्या ७१५ ताऱ्यांत अडीच आर्कसेकंदांच्या आत ५३ शेजारी सापडले. शेजारी म्हणतोय, जोडीदार नव्हे; एका रात्रीच्या प्रतिमेवरून तेवढंच म्हणता येतं.

जोडीदार म्हणण्यासाठी दुसरी प्रतिमा लागते. मुख्य तारा वर्षाला ५० मिलिआर्कसेकंद सरकत असेल आणि स्थानमोजणीची त्रुटी ५ असेल, तर एका वर्षात मागचा तारा दहा सिग्मा मागे पडलेला दिसतो. वर्षाला ५ मिलिआर्कसेकंद असेल तर दहा वर्षं थांबा किंवा दोन रंगांतलं तेज जुळतंय का ते बघा. दोन निरीक्षणं वेगळ्या उपकरणांची असतील तर पिक्सेलचं माप आणि उत्तर दिशेची दुरुस्ती आधी ज्ञात जोडीवर तपासा. अर्ध्या अंशाचा कोनातला घोळ २ आर्कसेकंदांवर १७ मिलिआर्कसेकंद होतो, आणि तो कक्षेतल्या हालचालीसारखा हुबेहूब दिसतो.

निकाल लिहिताना सापडलेल्या जोडीदारासाठी अंतर, उत्तरेकडून पूर्वेकडे मोजलेला कोन, तारीख, कोणत्या गाळणीतला प्रतफरक आणि दृश्य अंतर द्या. काहीच सापडलं नाही तर ‘एकटा तारा’ असं लिहू नका. ‘२०० ते १०,००० एककांत ०.१ सौर वस्तुमानापर्यंत काही नाही. २० ते २०० मध्ये ०.३ पर्यंत काही नाही; २० च्या आत तपासलेलं नाही’ असं लिहा, तुमच्या प्रतिमेच्या पाच सिग्मा मर्यादेवरून काढून. मोजमाप कच्ची असेल तर तसंच नोंदवा. गायाच्या चौथ्या संचात प्रत्येक वेळची सुटी स्थानमोजणी मिळणार आहे. तेव्हा आज ‘तपासलेलं नाही’ म्हणून ठेवलेले रकाने सगळ्यात आधी उघडले जातील.